कोपरचं रिकामं मडकं

१

नाथा पाटलाच्या परसातलं मडकं रिकामं निघालं, आणि दुपारपर्यंत चोर कोण हे सगळ्या कोपर गावाला ठाऊक झालं. चोरानं ते कशाला नेलं असेल, एवढं मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

मडक्यात वार होती. बाळामागून पडते ती. कोपरच्या आगरी घरांत ती टाकून देत नाहीत. नव्या मडक्यात ठेवतात, वर हळकुंड, सुपारी आणि कडुनिंबाचा पाला घालतात, फडक्यानं तोंड बांधून परसात पुरतात आणि वर दगड ठेवतात. त्या मडक्याच्या आसपास मीठ मात्र जाऊ देत नाहीत. गाव सगळं मिठागरांवर जगणारं, पण वारेला मीठ लागलं की आईची कूस सुकते आणि पुन्हा मूल होत नाही, ही समजूत पक्की. नाथाच्या मडक्यात वार नव्हती आणि तळाशी मिठाचे खडे होते.

ही १८९० च्या वैशाखातली गोष्ट. मी, त्र्यंबक कर्णिक, तेव्हा देवी डाक्टर होतो. डाक्टर हे गावकऱ्यांनी दिलेलं नाव. सरकार मला लस टोचणारा म्हणे आणि पगारही तेवढाच देई. ठाण्याहून निघायचं, कल्याण तालुक्यातली गावं पालथी घालायची, तान्ह्या पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची आणि वहीत लिहायचं. वहीतला शेवटचा रकाना होता ‘न टोचण्याचे कारण’. त्यात मी ‘गावी नाही’, ‘अंग गरम’, ‘आईने लपवले’ असं जे असेल ते भरत असे. रकाना रिकामा राहिलेला मला खपत नसे. माझ्या बायकोच्या, उत्तराच्या मते माझ्यात हा एकच गुण होता आणि मुख्य दोषही हाच होता.

पावसाआधीच्या शेवटच्या फेरीला मी कोपरात शिरलो, तो वेशीवरच पोलीस पाटील पंढरी भेटला. हातात कोरा कागद होता.

“डाक्तर, बरं झालं आयलाव. मामलेदाराला एक अर्ज लिवून द्या.”

“कसला?”

“नाथाच्या थोरलीनं धाकटीचं पोर खाल्लं. आनि आता वार काढून नेली. चेटूक, दुसरं काय.”

नाथाच्या दोन बायका. थोरली तुळसा, लग्नाला तेरा वर्षं, पोटी मूल नाही. धाकटी गोदा, दोन वर्षांपूर्वी आलेली. बारा दिवसांपूर्वी गोदा आठव्या महिन्यातच बाळंत झाली आणि मुलगा मेलेलाच जन्मला. आज सकाळी परसातला दगड हललेला दिसला म्हणून नाथानं उकरलं. वांझ बाई दुसरीची वार पळवते, म्हणजे तिची कूस आपल्याकडे येते, असं आमच्या भागात पोरंसुद्धा सांगतात. त्यामुळे चोर शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. तुळसाला गोठ्यात बसवलं होतं. उद्या सकाळी तिचा भाऊ काळुराम माहेरच्या कोपरी गावाहून गाडी घेऊन येणार होता. एकदा त्या गाडीत चढली की तिचं घर सुटलं, आणि चेटकीण म्हणून आलेल्या बहिणीला भाऊ तरी किती दिवस पोसणार?

“लिहितो,” मी म्हणालो. “पण अक्षर माझं असणार, तेव्हा आधी चौघांना विचारतो.”

“त्याच्यात इचाराया काय हाय?”

खरं सांगायचं तर ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही नाथाच्या घराकडे निघालो, तेव्हा कुणीतरी माझी बाही ओढली. ठमाबाई, गावची सुईण.

“किती उशीर केलाव, डाक्तर. कवापासून वाट बगतंय तुमची.”

नातवाला टोचून घ्यायचं असेल, असं समजून मी मान हलवली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण माझ्यामागे पंढरी दिसला तशी पदर ओढून ती चालती झाली.

२

नाथा वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस हाताशी येईल त्याला दोष देतो.

“काढा,” तो म्हणाला. “काढ्यानंच घात केला. शिमग्यात गोदीला ताप आयला. खोकला, अंग फुटतंय, उभं ऱ्हावत नाय. सात दिस. तवा तुलसानं तिला दोन येल काढा पाजला. त्याच्यानंतर गोदीचं पोट वाडलंच नाय. पोर पन आधीसारखं हालत नवतं.”

तापाची ती साथ त्या वर्षी सगळीकडे होती. मुंबईत कचेऱ्या ओस पडल्या होत्या. मलाही तिनं गाठलं होतं. शिमग्याच्या चार दिवस आधीची फेरी मी गळ्याला मफलर गुंडाळून केली आणि घरी परतल्यावर आठ दिवस अंथरूण धरलं. अंगात कसकस असताना जाऊ नका, असं उत्तरा म्हणाली होती. पण तारखा साहेबाकडे कळवलेल्या होत्या.

“गावात ताप कितीजणांना आला?” मी विचारलं.

“अर्ध्या गावाला. सोंगं पन निघाली नाय ह्या साली.”

मग मी परसात गेलो. खड्डा नीट होता. कोल्ह्याकुत्र्यानं उकरलेला असता तर माती चहूकडे उडाली असती. इथं कुणीतरी दगड बाजूला केला होता, मडकं काढलं होतं, रिकामं करून पुन्हा ठेवलं होतं आणि वर दगडही आठवणीनं बसवला होता. मडक्यात हळकुंड होतं. सुपारी होती. वाळलेला पाला होता.

“नाथा, चेटूक करणारीनं करणीलाच लागणारी हळकुंड-सुपारी मागे ठेवली असती का रे?”

नाथानं पंढरीकडे पाहिलं. पंढरीनं आभाळाकडे पाहिलं.

तळाचे मिठाचे खडे मी कागदावर घेतले. मीठ करडं होतं, ओलसर होतं आणि त्याला वास येत होता. आत शिरून स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडली. नाथा स्वतः मिठागराचा मालक. बरणीतलं मीठ पांढरं स्वच्छ होतं.

कागदावरचे खडे उन्हात धरले तेव्हा त्यांत नखाएवढं काहीतरी चमकलं. ते मिठाचं नव्हतं.

३

तुळसा गोठ्यात गाठोडं मांडीशी घेऊन बसली होती. रडत नव्हती. रडून झालं असावं.

“बाई, काढ्यात काय होतं?”

“आलं, मिरी, गवती चहा, तुलस. सगल्या आलीनं पिला. मी पन पिले. पंढरीदादाची सून रखमा, ती तवा गरवार व्हती. शिमगा झाल्यावर म्हायेराहून आयली तर तिला ताप नसताना पन पाजला, म्हटलं बरं असतं. तिचं पोर बगलाव ना तुमी?”

बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. पंधरा दिवसांचा मुलगा, आणि पंढरी येताना वाटेत त्याच्या वजनाचं कौतुक सांगत होता.

“तुमाला पन दिला व्हता पेलाभर,” ती म्हणाली. “वटीवर बसून खोकत व्हता तवा. इसरलाव?”

विसरलो नव्हतो. त्या दिवशी नाथाच्या ओटीवरच मी बसलो होतो आणि गावच्या बायका आपापली पोरं घेऊन भोवती जमल्या होत्या. गोदा शेजारणीचं पोर मांडीवर घेऊन माझ्या समोरच बसली होती, पोर हलू नये म्हणून त्याचा दंड धरून.

“वार तुम्ही काढलीत?” मी सरळ विचारलं.

“गोदी माजी चुलत भैन हाय, डाक्तर. मीच तिला ह्या घरात आनली. म्हटलं, मना नाय झालं तर तिचं तरी मांडीवर घेईन. तिची कूस सुकवून मी कुनाचं पोर घेनार?”

मी उठून घरात गेलो. गोदाची खोली बाळंतिणीची, म्हणून दाराबाहेर बसूनच विचारलं.

“गोदाबाई, तुळसाबाईंनी हे केलं असं तुम्हाला वाटतं का?”

आतून आवाज आला, अगदी हळू.

“बाय तशी नाय. पन पोर माजं गेलं. कुनीतरी केलंच असंल ना? कुनी नाय केलं तर गेलं कसं?”

हातात मिठाची पुडी होती. ती पुन्हा उघडून मी ती चमकणारी चकती बोटावर घेतली. ते माशाचं खवलं होतं.

४

परक्याला वाटतं, मिठागराच्या गावात मीठ फुकट. सरकारचा कर बसल्यापासून तिथं शिपाई उभा असतो, आणि आगरावर दिवसभर राबलेल्या बाईला घरी जाताना पदराची ओटी झटकून दाखवावी लागते. मालकाच्या घरी पांढरं मीठ असतं. ज्यांना परवडत नाही ते मासे खारवलेलं मीठच झटकून ठेवतात आणि पुन्हा वापरतात. त्याला वास येतो, रंग जातो आणि त्यात खवली राहतात.

म्हणजे चोर नाथाच्या घरचा नव्हता. तुळसाला करणीसाठी मीठ हवं असतं तर हाताशी बरणीभर होतं. शिवाय करणी करायची तर मडक्यातल्या वारेवर मीठ टाकून दगड लावला की झालं, वार न्यायची कशाला? मीठ लावून वस्तू नेतो तो ती टिकवायला. मासळी टिकवतात तशी.

वार टिकवून कुणाला काय करायची असेल? इथं मी अडलो. मग येताना ओढलेली बाही आठवली.

“पंढरी, ठमाबाईला नातू किती?”

“तिला कुठला नातू? ना लेक, ना सून. एकटी हाय, खाडीवर.”

मी पंढरीला ओटीवर बसवून एकटाच निघालो. ठमाबाईची झोपडी खाडीच्या कडेला होती. दाराशी काठीवर बोंबील वाळत होते आणि पाटीत करडं मीठ पसरलेलं होतं. ती उंबऱ्यात बसून मला येताना पाहत होती.

“ठमे, टोचायला पोर कुठाय?”

“कुनाचं पोर?”

“मग माझी वाट कशाला पाहत होतीस?”

ती उठली. चुलीमागच्या कोनाड्यातून तिनं फडक्यानं तोंड बांधलेली एक बरणी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. मग दार लोटून घेतलं.

५

“हात लावा,” ठमाबाई म्हणाली. “बगा कशी लागते.”

मी काही सर्जन नाही. पण ठाण्याच्या इस्पितळात शिकताना वारा पाहिल्या होत्या. चांगली वार ताटलीएवढी असते, लाल आणि मऊ. ही तळहातापेक्षा थोडीच मोठी होती. मिठानं आक्रसली असेल असं आधी वाटलं, पण मिठानं गाठी होत नाहीत. मागच्या बाजूला ठिकठिकाणी पिवळट पांढरे, टणक तुकडे होते, आणि त्यांच्या मधल्या जागी रक्त गोठून काळं पडलं होतं. अर्ध्याहून अधिक वार कामातून गेलेली होती.

“चालीस वर्सं बगतंय मी,” ती म्हणाली. “वार म्हंजे पोराची चूल. तिच्यावर पोराचं सगलं शिजतं. ही चूल अर्धी इझलेली. पोराला मिलनार काय?”

“अशी आधी पाहिलीस कधी?”

“एखादी. पन ह्या साली दुसरी. ठाकुर्लीची सगुना, तिची पन अशीच. गाठी कमी व्हत्या. तिचं पोर जगलं, पन येवढंसं हाय, माज्या ओंजलीत मावंल.”

“सगुणाला ताप आला होता?”

“शिमग्यातच. गोदीसारका.”

“आणि तिनं तुळसाचा काढा घेतला होता?”

“ठाकुर्लीला कुठला तुलसाचा काढा?”

“पंढरीच्या रखमाची वार कशी होती?”

“लाल. बगून जीव निवला. तिला ताप नवताच.”

मी वही उघडून मागच्या पानावर लिहिलं. रखमा: काढा घेतला, ताप नाही, वार चांगली. सगुणा: काढा नाही, ताप आला, वार बिघडलेली. गोदा: काढाही आणि तापही, वार बिघडलेली. पोट वाढायचं थांबलं ते तापानंतर. काढ्याला दोष देता येत नव्हता, आणि तुळसाला तर मुळीच नाही.

“पन ताप छातीत व्हता, डाक्तर. वारेत कसा उतरला?”

“ते मला ठाऊक नाही. साहेबालाही ठाऊक नसावं.”

सगुणाची वार तिनं रीतीप्रमाणे पुरू दिली होती. गोदाची तशीच निघाली तेव्हा तिनं ठरवलं, ही कुणातरी शिकलेल्याला दाखवायची. वैशाखात मी येणार हे तिला माहीत होतं. तोवर वार टिकली पाहिजे, आणि टिकवायचं म्हणजे मीठ, हे त्या गावात कुणी शिकवावं लागत नाही. पुरली त्याच रात्री परसातच तिनं घाईघाईनं वारेला मीठ चोळलं, तेव्हा काही खडे मडक्यात सांडले.

“तुळसा उद्या घराबाहेर पडतेय. तू गप्प कशी बसलीस?”

“मीठ लावलं म्हनून सांगितलं असतं तर मना जिती सोडली असती?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “वारेला मीठ लावनं पाप हाय, मना म्हायती. पन दोन झाल्या. तिसरी व्हायच्या आधी कुनाला तरी कलायला नको?”

बरणी घेऊन ती माझ्याबरोबर यायला तयार झाली. माझं काम संपलं, असं मला त्या क्षणी वाटलं. वही मिटता मिटता माझं लक्ष मागच्या फेरीच्या तारखांवर गेलं. ठाकुर्लीची मागची फेरी. कोपरची मागची फेरी. दोन्हींची तारीख एकच होती.

मी तिथंच पुन्हा बसलो.

६

सकाळी काळुरामची गाडी दाराशी उभी राहिली. तुळसानं गाठोडं उचललं होतं. मी सगळ्यांना ओटीवर बोलावलं आणि काल जसं उलगडलं तसं सांगितलं. मागे ठेवलेली सुपारी, करडं मीठ, खवलं, मग तीन बायका, तीन वारा आणि काढा. बरणी पुढे आली तेव्हा नाथा उठला आणि ठमाबाईवर धावून गेला. तुळसाच मध्ये उभी राहिली.

“ऐकून घे आधी,” ती नवऱ्याला म्हणाली. तेरा वर्षांत ती त्याच्याशी चारचौघांत पहिल्यांदा बोलली असावी, कारण नाथा बसला.

पंढरी पाटील हुशार माणूस. पोलीस पाटलाची नजर शेवटी मुद्द्यावरच जाते.

“म्हंजे तापानं केलं. बरं. पन ताप गावात आनला कोनी? शिमग्याआधी तर इथं कुनी शिंकलं पन नवतं.”

आता मला एक सोपं उत्तर होतं. साहेब लोक तेव्हा म्हणत, ही साथ हवेतून येते. हवा म्हटलं असतं तर पंढरी मान डोलावून घरी गेला असता आणि पुढच्या सालीही बायकांनी पोरं माझ्यापुढे आणली असती. रात्रभर मी हेच उत्तर घोकलं होतं. पण आत दाराआड गोदा होती, आणि कुणी केलं हे तिनं मला विचारलं होतं.

मी वही उघडली.

“शिमग्याच्या चार दिवस आधी मी इथं आलो. त्याच दिवशी संध्याकाळी ठाकुर्लीला गेलो. मला ताप होता, खोकला होता. याच ओटीवर बायका माझ्याभोवती बसल्या होत्या, गोदाबाई माझ्या समोर. दोनच दिवसांनी दोन्ही गावांत ताप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या आयऱ्याला जाणार होतो. उठवलं नाही, म्हणून गेलो नाही. आयऱ्यात शिमगा नीट पार पडला. रखमा त्या दिवशी माहेरी होती. ती वाचली.”

काळुरामच्या बैलानं मान झटकली तेवढा घुंगरांचा आवाज झाला.

“ताप मी आणला,” मी म्हणालो, कारण ते शब्दांत सांगायला हवं होतं.

दार उघडलं. गोदा उंबऱ्यात येऊन उभी राहिली, तेराच दिवसांची बाळंतीण, कपाळाला फडकं बांधलेली. सतरा-अठरा वर्षांची असेल.

“तुमाला ताप हाय, ह्ये तुमाला तवा कललं व्हतं?”

“हो.”

“तरी आयलाव?”

“तारीख ठरलेली होती.”

“माज्या पोराची पन ठरलेली व्हती,” ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तुळसाकडे वळली, तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि म्हणाली, “बाय, गाडी परत लाव. घरात ये.” तुळसा आत गेली आणि दाराआड दोघींचं रडणं ऐकू आलं. काळुराम बैल वळवू लागला.

दुपारी ठमाबाईनं वार खाडीच्या पाण्यात नाही, विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतली, मीठ पार जाईपर्यंत. मडकं नवं आणलं. हळकुंड-सुपारी तुळसानं घातली आणि दगड नाथानं ठेवला. दोन सालांनी गोदाला मुलगी झाली. हे मला पंढरीनं सांगितलं, कारण त्या वैशाखानंतर खोकल्याची नुसती उबळ आली तरी मी फेरी रद्द करू लागलो होतो, आणि साहेबानं माझी बदली केली होती.

त्या दिवशी मामलेदाराचा अर्ज लिहिला नाही. कोपर सोडण्याआधी वेशीवरच्या पारावर बसलो आणि वही भरली. रखमाच्या मुलाचं नाव, तारीख, टोचले. खालची ओळ नाथाच्या घरची होती. नाव नाही, टोचल्याची तारीख नाही. शेवटच्या रकान्यात, ‘न टोचण्याचे कारण’ या शब्दांखाली, मी माझं नाव लिहिलं.